आमच्या भाषेत तुम्हाला काय म्हणतात?

मागच्या आठवड्यात एका सहल कंपनीचं मोरोक्कोचं माहितीपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. मराठीत, नीटनेटकं छापलेलं. त्यात चौथ्या दिवसासमोर लिहिलं होतं: 'सकाळी डोंगरातल्या बर्बर गावाला भेट. बर्बर कुटुंबासोबत चहा. फोटो.' लिहिणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसणार. इंग्रजीतला शब्द उचलला आणि देवनागरीत ठेवला, इतकंच. पण आपण मराठीत बर्बर कुणाला म्हणतो? बर्बर हल्ला, बर्बर अत्याचार, बर्बर टोळ्या. पेपरात हा शब्द दिसला की पुढची ओळ वाचायलाही धीर लागतो. आणि हाच शब्द आपण त्या लोकांना लावतो, ज्यांच्या घरी जाऊन चहा प्यायचाय.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही दोघं पाच दिवस तफ्राऊतला राहून आलो. तेव्हापासून हे डोक्यात आहे. आज लिहितेच.

तफ्राऊत मोरोक्कोच्या दक्षिणेला, अँटी अ‍ॅटलस डोंगरांत, साधारण हजार मीटर उंचीवर आहे. किनाऱ्यावरच्या अगादीरहून आयत बाहामार्गे जा नाहीतर तिझ्नीतहून केर्दूसच्या खिंडीतून, रस्ता वळणावळणांचाच. आम्ही तिझ्नीतकडून गेलो. शंभर-सव्वाशे किलोमीटरच, पण खिंड चढायला लागल्यावर गाडी इतकी हळू चालली की कडेचं एकेक झाड ओळखीचं झालं. आधी अर्गनची काटेरी खुरटी झाडं, मग निवडुंगाच्या राया, आणि शेवटच्या उतारावर एकदम गुलाबी दगड. ग्रॅनाइटचे प्रचंड गोटे एकमेकांवर कसेही रचलेले, आणि त्यांच्या पायथ्याशी त्याच रंगाची घरं. डोंगर कुठे संपला आणि गाव कुठे सुरू झालं ते लांबून कळत नाही.

तफ्राऊत म्हटलं की इंटरनेटवर सगळ्यांत आधी दिसतात ते रंगवलेले दगड. 1984 साली जाँ वेराम नावाच्या बेल्जियन कलाकाराने गावाबाहेरचे मोठमोठे दगड निळे, लाल, जांभळे रंगवले. रंग उडाला की पुन्हा मारला जातो. बरेच प्रवासी गाडीने येतात, निळ्या दगडावर चढून फोटो काढतात आणि परत फिरतात. आम्हीही पाहिले. मला ते आवडले नाहीत, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. ज्या डोंगरावर रोज संध्याकाळी आपोआप केशरी, मग गुलाबी, मग वांग्यासारखा जांभळा रंग चढतो, त्याला डब्यातला रंग कशाला लावायचा? गावाच्या उत्तरेला जेबेल एल केस्त आहे, 2,300 मीटरहून उंच. संध्याकाळी गच्चीवर बसून नुसतं त्याच्याकडे बघत राहा. आम्ही पाचही दिवस तेवढंच केलं आणि एकही संध्याकाळ वाया गेली असं वाटलं नाही.

त्याच डोंगराच्या पायथ्याशी अम्मेल्नचं खोरं आहे. वीस-पंचवीस वाड्या, एकीपासून दुसरीपर्यंत पायवाटेने जाता येतं. वाड्या उतारावर आणि शेतं खाली सपाटीला, कारण पिकाची जमीन घरात घालवायची नाही. आम्ही बदामाचा बहर बघायला म्हणून गेलो होतो. बहर होता, पण विरळ. मध्ये सलग सहा वर्षं देशात दुष्काळ पडला, त्यात कितीतरी झाडं वाळून गेली. एका बांधावर दहा-बारा बदाम ओळीने उभे होते, त्यातल्या तिघांना फुलं आणि बाकीचे राखाडी खराटे. ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो त्या आजींनी वाळलेल्या एका खोडावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटल्या. सुनेने त्याचा अर्थ आम्हाला सांगितला नाही. मीही विचारला नाही.

या वाड्यांमधून चालताना मला सारखं आमचं संगमेश्वराकडचं गाव आठवत होतं. दहातली सहा-सात घरं बंद. काही जुनी, दगडमातीची, कोसळत चाललेली. काही नवी, दोन-तीन मजली, लोखंडी दारांची, तीही बंद. घरमालक कुठे? कासाब्लांकात, राबातमध्ये, पॅरिसमध्ये. मोरोक्कोतल्या शहरांत कोपऱ्यावरचं किराणा दुकान म्हटलं की ते इकडच्या, म्हणजे दक्षिणेतल्या सूस भागातल्या माणसाचं असणार हे सगळे गृहीत धरतात, आणि त्यांतले कित्येक या अम्मेल्न खोऱ्यातले. पिढ्यान्‌पिढ्या पुरुष शहरात दुकानाच्या माळ्यावर झोपून दिवस काढायचे, बायका इथे शेत, जनावरं, म्हातारी माणसं सांभाळायच्या. ऑगस्टमध्ये आणि ईदला दारं उघडतात, अंगणात गाड्या लागतात, लग्नं होतात आणि पुन्हा कुलपं. मनिऑर्डरवर जगलेल्या कोकणातल्या माणसाला यातलं काही समजावून सांगायला नको. आमच्या आजींचा मुलगाही कासाब्लांकात दुकान चालवतो. नातू दहा वर्षांचा आहे, बाप किती दिवसांनी येणार ते बोटांवर मोजून सांगतो.

आता मुद्द्याचं. या लोकांना 'बर्बर' म्हणतात, पण ते स्वतःला तसं म्हणत नाहीत. ते स्वतःला अमाझिग म्हणवतात, अनेकवचनी इमाझिघेन. अर्थ सांगताना बहुतेक जण 'स्वतंत्र माणूस' असा सांगतात. 'बर्बर' हा बाहेरच्यांनी चिकटवलेला शब्द. ग्रीकांना परक्यांची भाषा कळायची नाही, कानाला नुसतं बर-बर लागायचं, म्हणून ते बार्बारोस. रोमनांनी तो घेतला, पुढे अरबीत गेला, मग फ्रेंचांनी आणि इंग्रजांनी वापरला. आपल्याकडे संस्कृतातही बर्बर आहेच, परक्यांसाठी आणि अडखळत बोलणाऱ्यांसाठी. म्हणजे मुळात त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की मला तुझी भाषा कळत नाही. न कळणं माझं, आणि नाव मात्र त्याला.

ज्यांना आपण हे नाव देतो त्यांनी काय बांधून ठेवलंय ते सांगते. परत येताना आयत बाहाच्या बाजूला इम्शगिगिल्नचं कोठार पाहिलं. अशा कोठाराला अगादीर म्हणतात, शहराचं नावही त्यावरूनच. आपल्याकडे घरात कणगी असते, बळद असतं. इथे अख्ख्या जमातीची मिळून एक तटबंदी. आत मधोमध वाट, दोन्ही बाजूंना मजल्यांवर मजले चढवलेल्या शंभराहून जास्त खोल्या, भिंतीतून बाहेर काढलेल्या सपाट दगडांवर पाय देत वरच्या खोलीपर्यंत चढायचं. प्रत्येक कुटुंबाची वेगळी खोली, वेगळं लाकडी दार, वेगळी किल्ली. बार्ली, बदाम, तेल, दागिने, जमिनीचे कागद सगळं तिथे. राखायला एक अमीन, त्याचं मानधन सगळ्यांनी मिळून द्यायचं. आणि अशा कोठारांचे नियम लाकडी फळ्यांवर लिहून ठेवत: चोरी केली तर दंड किती, राखणदाराचं कर्तव्य काय, पाहुण्याला आत घ्यायचं की नाही. मी त्या अंधाऱ्या वाटेत उभी राहून वर बघत होते आणि मनात आलं, दुष्काळाच्या वर्षी शेजाऱ्याचं धान्य शेजाऱ्याच्या दाराआड सुरक्षित राहावं म्हणून ज्यांनी एवढं केलं, त्यांच्यासाठी आपल्या भाषेत हा शब्द?

पण मला खरं जे सांगायचंय ते आजींच्या स्वयंपाकघरातलं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आजी ओसरीवर अर्गनच्या बिया फोडत बसल्या होत्या. एक पाय लांब, पुढ्यात पसरट दगड, मुठीत अंड्याएवढा दुसरा दगड. बी चिमटीत उभी धरायची, शिरेवर एकच ठोका, कवच एकीकडे, बदामाच्या फाकेसारखा गर दुसरीकडे. मी बसले तर दहा मिनिटांत अंगठ्याला दोनदा लागलं आणि गराचा चुरा झाला. त्यांनी माझी बोटं धरून बी कशी धरायची ते दाखवलं. भाजलेला गर मग त्यांनी जात्यात घातला. हो, जातंच. वरची तळी, मध्ये तोंड, बाजूला लाकडी खुंटा, फक्त आपल्यापेक्षा उंचीला जास्त आणि खालच्या तळीला तेल ओघळायला चोच. मी खुंटा धरला तसं आजींनी माझ्याकडे नीट पाहिलं. हिला हे येतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. मी एका हाताने घास घालत, दुसऱ्या हाताने फिरवत राहिले आणि जात्यावर बसलं की ओवी सुचतेच, तशी माझ्या आजीची एक ओवी तोंडात आली. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी खुंट्याचा वरचा भाग धरला आणि त्यांचं काहीतरी गुणगुणू लागल्या. तपकिरी दाट लगदा चोचीतून परातीत पडत होता, घरभर खमंग वास. लगद्यात थोडं थोडं कोमट पाणी शिंपडत मळत राहायचं, मग तेल सुटतं आणि हातात पेंड राहते. ती जनावरांना. बदाम भाजून वाटायचे, त्यात हे तेल आणि मध घातला की झालं अम्लू, आणि तापलेल्या खड्यांवर भाजलेली, खालून खळगे खळगे पडलेली गरम रोटी त्यात बुडवून खायची. एवढ्या वर्षांत इतकी चविष्ट न्याहारी मी कमीच वेळा केली असेल.

एवढ्यात नातू शाळेची वही घेऊन आला. एका पानावर त्याने स्वतःचं नाव तिफिनागमध्ये लिहिलेलं. ही त्यांची लिपी, मुळं दोन हजार वर्षांहून जुनी. गोल, काट, रेघा, ठिपके. त्यातलं एक अक्षर हात-पाय पसरून उभ्या माणसासारखं दिसतं, ते त्यांच्या झेंड्यावरही आहे. आजींना लिहिता-वाचता येत नाही, पण त्या अक्षरावर त्यांनी बोट ठेवलं आणि छातीला हात लावला.

त्या वहीमागे केवढी वाट आहे ते मला आधी माहीत नव्हतं. या देशात मुलाला अमाझिग नाव ठेवायला गेलं तर नोंदणी कचेरीत अडवलं जायचं. 2001 मध्ये राजाने अमाझिग संस्कृतीसाठी संस्था काढली, 2003 पासून शाळांत ही भाषा आणि लिपी आली, 2011 च्या घटनेत अरबीच्या जोडीला तिला राजभाषेचा दर्जा मिळाला, त्याचा कायदा व्हायला आणखी आठ वर्षं गेली. 2024 पासून त्यांच्या नववर्षाची, येन्नायरची, 14 जानेवारीला सरकारी सुट्टी असते. तरीही ही भाषा बोलणारे आज देशात चौथा हिस्सा उरलेत, आणि सगळ्या शाळांत शिक्षक आहेत असंही नाही. पाटी तीन लिप्यांत लावणं सोपं. वर्गात शिकवणं अवघड. मराठी शाळा बंद पडताना पाहिलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

मी त्या वहीत नातवाचं नाव देवनागरीत लिहून दिलं. तो खूश झाला. मग सुनेने सहज, कौतुकाने विचारलं, "तुमच्या भाषेत आम्हाला काय म्हणतात?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. उत्तर मला ठाऊक होतं. त्याचा अर्थही ठाऊक होता. समोर आजी, त्यांच्या हातांना अजून तेल लागलेलं, परातीत अर्धी रोटी माझ्यासाठी काढून ठेवलेली.

मी म्हणाले, "अमाझिग."

सुनेने ते आजींना सांगितलं. आजी हसल्या आणि म्हणाल्या, "तानमिर्त." म्हणजे आभारी आहे.

त्या दिवशी मी खोटं बोलले. आभार मानून घेतले आणि वर रोटीही खाल्ली. ते मला अजून टोचतं. म्हणून पुरवण्यांत प्रवासवर्णनं लिहिणाऱ्या, सहली काढणाऱ्या, व्हिडिओ करणाऱ्या सगळ्यांना मी कळकळीने सांगतेय, अमाझिग लिहा. माणसं अमाझिग, गाव अमाझिग. 'एस्किमो'च्या जागी इन्युइट आपण शिकलोच ना? इथे तर शब्द आपल्याच भाषेत शिवी आहे, म्हणजे आपण जास्त लवकर शिकायला हवं. त्या सहल कंपनीलाही मी कळवलंय. बदल करतो म्हणालेत.

आणि जाणार असाल तर एका सकाळीत उरकू नका. किमान तीन रात्री राहा, कुणाच्या तरी घरी. अम्मेल्नच्या वाड्या पायी फिरा, उमेस्नातमधलं जुनं घर आतून बघा, आयत मन्सूरच्या घळीतल्या खजुरांच्या सावलीत बसा. बाजारात इदुकान मिळतात, बायकांच्या लाल भरतकामाच्या चपला, पुरुषांच्या पिवळ्या. थेट शिवणाऱ्याकडून घ्या आणि घासाघीस बेताची करा. रंगीत काठाचं काळं वस्त्र अंगभर लपेटून चाललेल्या बायका दिसतील. फार सुंदर दिसतात, कॅमेऱ्याकडे हात जातो. विचारल्याशिवाय काढू नका. मी विचारलं होतं, एकीने नाही म्हटलं, मी फोन पर्समध्ये टाकला आणि मग ती माझ्याबरोबर विहिरीपर्यंत चालत आली. अझुल म्हणजे नमस्कार, अमान म्हणजे पाणी, अघ्रूम म्हणजे रोटी. एवढे तीन शब्द आणि तानमिर्त पाठ करून गेलात तरी दारं उघडतात.

अम्लूची एक बाटली आजींनी निघताना दिली होती. वर जुन्या कापडाची चिंधी बांधलेली. काल तळाचं पुसून खाल्लं. चिंधी ठेवलीय.