कोणता बेन व्होर्लिख?

परवा संध्याकाळी कचऱ्याचा निळा डबा रस्त्याच्या कडेला ढकलत नेताना माझा अपमान झाला, आणि त्याचा वळ अजून उतरलेला नाही. अपमान करणारे गृहस्थ माझे शेजारी आहेत, सत्तरीच्या पुढचे आहेत, त्या वेळी त्यांच्या पायांत घरातल्या लोकरी सपाता आणि हातात चहाचा मग होता, आणि त्यांनी मला फक्त एक शब्द विचारला होता.

अकरा वर्षे ग्लासगोत काढूनही आपण एकही मनरो चढलेलो नाही, हे मनाला लागल्यामुळे मी येत्या रविवारी बेन व्होर्लिखला जायचे ठरवले होते. मनरो म्हणजे स्कॉटलंडमधला तीन हजार फुटांहून, म्हणजे ९१४ मीटरहून उंच डोंगर. ह्यू मनरो नावाच्या गृहस्थांनी १८९१ मध्ये अशा डोंगरांची यादी छापली, आणि तेव्हापासून येथील निम्मी जनता त्या यादीवर बरोबरच्या खुणा करत बसलेली आहे. आज यादीत २८२ डोंगर आहेत आणि शेजारच्या आजोबांचे सगळे करून झालेले आहेत. ही गोष्ट त्यांनी स्वतः कधी सांगितली नाही. ती त्यांच्या पत्नीने सांगितली, आणि ज्या सुरात सांगितली त्यावरून त्यांना त्यातले बरेच रविवार चांगले आठवत असावेत.

"रविवारी बेन व्होर्लिखला जातो आहे," मी सहज म्हणालो. सहज म्हणजे कौतुकाच्या अपेक्षेने.

आजोबांनी चहाचा घोट घेतला, तो सावकाश गिळला, आणि विचारले, "कोणता?"

आता डोंगराच्या बाबतीत 'कोणता' हा प्रश्न मी आयुष्यात ऐकलेला नव्हता. कळसूबाईला जातो म्हटल्यावर 'कोणत्या कळसूबाईला' असे कोणी विचारत नाही. पण येथे बेन व्होर्लिख दोन आहेत. एक लोमंड सरोवरावरचा, ९४३ मीटर. दुसरा अर्न सरोवरावरचा, ९८५ मीटर. दोन्ही मनरो आहेत, दोन्ही पाण्याच्या काठी आहेत, आणि एवढ्या याद्या करणाऱ्या या देशात एकालाही ते नाव बदलावेसे वाटलेले नाही.

"ट्रेनने जाणार आहे. आर्डलुईला उतरून," मी म्हणालो, म्हणजे लोमंडवरचा, आणि पुरावा म्हणून घरातून नवा कोरा नकाशा आणला. आजोबांनी चहाचा मग डब्याच्या झाकणावर ठेवला, नकाशाचे मुखपृष्ठ हातभर लांब धरून पाहिले आणि अत्यंत प्रेमाने म्हणाले, "हा ५७ नंबरचा आहे. आर्डलुई ५६ वर आहे."

मी तरीही नकाशा उलगडला. त्यावर बेन व्होर्लिख होता. ठसठशीत अक्षरांत होता. फक्त त्याच्या पायथ्याशी अर्न सरोवर होते आणि रेल्वे नावाची वस्तू आसपास कोठेही नव्हती. दुकानात मी नाव शोधले, नाव सापडले, पैसे दिले. आजवर समोरच्याला गप्प करायला 'असे छप्पन्न पाहिले आहेत' म्हणत आलो, आणि नेमका छप्पन्नच पाहायचा राहून गेला.

येथे थांबणे शहाणपणाचे होते. पण मी कळसूबाई काढली. कळसूबाई १६४६ मीटर, तुमचा सर्वांत उंच बेन नेव्हिस १३४५, आणि मी कळसूबाईला सात वेळा जाऊन आलो आहे, असे मी त्यांना ऐकवले. त्यांनी खरोखरच्या आदराने मान हलवली आणि विचारले, "आणि चढायला सुरुवात कुठून करता?" बारी गाव मुळातच किती उंचावर आहे, हे त्या क्षणापर्यंत मी कधी वजा करून पाहिले नव्हते. लोमंड सरोवराचे पाणी समुद्रसपाटीपासून जेमतेम आठ मीटर उंचीवर आहे, तेव्हा आर्डलुईहून निघणाऱ्याला त्या ९४३ मीटरांत फारशी सूट मिळत नाही, हे त्यांनी मगाच्या कडेवर बोट फिरवत समजावले. शाळेत फळ्यापाशी उभे करून गणित सोडवून घ्यावे, तशी त्यांनी मग माझ्याकडून नेस्मिथची बेरीजही करून घेतली. विल्यम नेस्मिथने १८९२ मध्ये घालून दिलेला हा हिशेब आहे: दर तीन मैलांना एक तास, आणि वर दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. नुसत्या चढाईचेच दीड तासाहून जास्त झाले. "यात डबा खाण्याचा वेळ धरलेला नाही," आजोबा म्हणाले.

"अंधार किती वाजता पडतो?"

"पावणेसहा," मी ताबडतोब म्हणालो, कारण ते मी पाहून ठेवले होते.

"ते शनिवारी. रविवारी घड्याळं एक तास मागे जातात."

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार! अकरा वर्षे मी त्या तासाची जास्तीची झोप घेत आलो होतो. तो तास दुसऱ्या टोकाने वसूल होतो, हे ध्यानात आले नव्हते. शिखरे ढगांबाहेर असण्याची शक्यता हवामानाच्या अंदाजात २० टक्के दिली होती, तेही मी कबूल करून टाकले. "वीस? चांगली आहे की!" आजोबा पहिल्यांदाच खुलले. आमच्याकडे निदान ३५ लागतात पास व्हायला.

आमच्याकडे डोंगराचा बेत म्हणजे शेवटची कसारा लोकल. कांदे कोणी आणायचे, सुरी कोणी आणायची, आणि मागच्या वेळी सुरी विसरलेल्याला या वेळी काय शिक्षा, एवढ्यावर बेत संपतो. वाटेत लिंबू सरबत मिळते, खाली उतरल्यावर कोणाच्या तरी पडवीत पिठले-भाकरी मिळते, आणि वाट चुकलो तर गुरे राखणारे मामा हाक मारतात. येथे हाक मारायला मेंढ्या आहेत.

आणि खरे सांगायचे तर माझा राग त्या प्रश्नावर नाहीच. समोरच्या घरातला विशीतला मुलगा गेल्या महिन्यात कापडी बूट घालून, नकाशाबिकाशा न घेता असाच एका डोंगरावर गेला, मोबाइल बंद पडल्यावर चाचपडत रात्री दहाला परत आला, तेव्हा याच आजोबांनी त्याला याच जागी 'मजा आली ना?' असे विचारलेले मी माझ्या कानांनी ऐकले आहे. त्याला नेस्मिथ नाही, घड्याळ नाही, काही नाही. मी मात्र नकाशा विकत घ्यायचा, होकायंत्र घ्यायचे, अंदाज वाचायचा, आणि वर तोंडी परीक्षा द्यायची. तीही सावकाश, सुट्या सुट्या शब्दांत विचारलेली, जणू इंग्रजी मी कालच शिकलो आहे. हे मी त्यांना बोलून दाखवणार होतो. पण मी परीक्षेत नापास झालेलो होतो, आणि नापास माणसाने पेपर पक्षपाती होता असे म्हणू नये, एवढी अक्कल मला शाळेपासून आहे.

म्हणून मी विषय बदलला. "वरून काय दिसतं?" मी विचारले.

आजोबांनी बराच विचार केला.

"सांगता येणार नाही," ते म्हणाले. "मी चारदाच गेलो आहे."

मग त्यांनी माझा ५७ नीट, मूळच्या घड्यांवर मिटला. मला आजवर एकही नकाशा तसा मिटता आलेला नाही. त्यांचा स्वतःचा ५७ घडीवर फाटला आहे आणि फाटला आहे तो नेमका बेन व्होर्लिखवरच, असे ते म्हणाले. तुम्हाला तर आता हा लागणार नाही, असेही म्हणाले, आणि तो काखेत मारून, चहाचा मग उचलून, सपाता फटफट वाजवत घरात निघून गेले. काल मी पुन्हा पैसे मोजून ५६ आणला. ५७ अजून त्यांच्याकडेच आहे.