कष्टाचं चीज

बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला ‘बँक हॉलिडे’ हा शब्द नुसता ऐकूनही बरं वाटतं. इंग्लंडात ही सुट्टी १८७१ च्या कायद्याने सुरू झाली आणि तो कायदा आणणारे सर जॉन लबक स्वतः बँकवाले होते, हे कळल्यावर तर मला त्या गृहस्थांचा फोटो देव्हाऱ्याशेजारी लावावासा वाटला. त्यामुळे जावई जेवता जेवता म्हणाला, “बाबा, सोमवारी बँक हॉलिडे आहे, जरा बाहेर पडू,” तेव्हा मी मागचापुढचा विचार न करता हो म्हणून मोकळा झालो. कर्जाचा साधा अर्ज मी तीन-तीनदा वाचायचो. इथे ‘बाहेर’ म्हणजे कुठे, एवढंही विचारलं नाही.

परदेशात लेकीकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या आईवडिलांचं वेळापत्रक ठरलेलं असतं. आमची लेक ब्रिस्टलला. पहिल्या महिन्यात आम्हाला स्टोनहेंज दाखवलं, दुसऱ्यात बाथ, तिसऱ्यात भांडी घासायचं मशीन कसं लावायचं ते. दाखवण्यासारखं संपलं आणि जावई त्याच्या फ्रिजवर चिकटवलेल्या यादीकडे वळला.

मुलगा तसा सरळ आहे, निर्व्यसनी आहे. पण इंग्रजी मुलखातल्या चक्रम उत्सवांचं त्याला वेड आहे. त्या यादीत काय नाही! ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जला टॉड नावाची नदी आहे, ती बहुतेक कोरडीच असते. तिच्या वाळूत लोक बिनबुडाच्या होड्या कमरेशी धरून पळतात. १९९३ साली ही होड्यांची शर्यत रद्द करावी लागली. कारण? नदीला पाणी आलं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावी १८८७ पासून दर २ फेब्रुवारीला उंच टोप्या घातलेले प्रतिष्ठित लोक घुशीच्या थोरल्या भावासारखा दिसणारा एक प्राणी बाहेर काढतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर थंडी अजून सहा आठवडे. अंदाज चुकला तरी त्याची बदली होत नाही. इंग्लंडातच चेशायरमध्ये विलास्टन गावी जमीन न खणता, नुसती थरथरवून गांडुळं वर बोलावायची स्पर्धा असते. २००९ साली एका दहा वर्षांच्या मुलीने अर्ध्या तासात ५६७ बोलावली. आमच्या शाखेत टोकन नंबर पुकारल्यावर इतकी माणसं उठत नसत. आणि वेल्समध्ये चिखलाच्या दलदलीत साठ यार्डांचा चर खणून त्यातून तोंडात नळी धरून पोहतात. हे ऐकून आमच्या हिने नाकाला पदर लावला होता.

सोमवारचा कार्यक्रम यातलाच निघाला. ग्लॉस्टरजवळ ब्रॉकवर्थ गावाला लागून कूपर्स हिल नावाची टेकडी आहे. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तिच्या माथ्यावरून चीजचं एक चाक सोडतात आणि माणसं त्याच्यामागे पळतात.

“पळतात म्हणजे पकडतात का?” हिने विचारलं.

“नाही, आई. कुणालाच पकडता येत नाही. खाली जो पहिला पोहोचेल त्याला ते बक्षीस.”

“म्हणजे डोंगरावरून गडगडत आलेलं, मातीत लोळलेलं चीज?” ही उठून उभी राहिली. “अन्न आहे ना ते? आपल्याकडे कुणी पुरणपोळी सोडेल का पर्वतीवरून?”

पर्वतीला निदान पायऱ्या आहेत, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

सकाळी सातला निघालो. तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं, थर्मासात चहा, माझ्या गुडघ्याचा पट्टा. गावाजवळचे रस्ते बंद होते म्हणून एका शेतात गाडी लावली आणि त्याचे दहा पौंड दिले. मी मनातल्या मनात शंभराने गुणलं आणि गप्प बसलो. तिथून पुढे “दहाच मिनिटं, बाबा.” ही दहा मिनिटं मी घड्याळात मोजली. पंचावन्न. आधी डांबरी रस्ता, मग कच्चा, मग निव्वळ चिखल, आणि शेवटी एक झाडीतली चढण, जिथे पुढच्याची टाच माझ्या नाकासमोर होती. एका ठिकाणी घसरायला झालं म्हणून आधाराला एक हिरवंगार झुडूप धरलं. ती नेटल होती. आपल्या खाजकुयलीची इंग्रज मावसबहीण. हात असा पेटला की मी “आई गं” केलं, आणि मागून येणाऱ्या एका वयस्कर इंग्रजाला ते भाषांतराशिवाय कळलं. त्याने शेजारचंच एक रुंद पान तोडलं, चुरगळलं आणि माझ्या तळव्यावर चोळलं. डॉक नावाचं पान. जिथे नेटल तिथे डॉक, असं तो म्हणाला. खाज थांबली की नाही सांगता येत नाही, पण कुणीतरी हात चोळून देतंय म्हटल्यावर निम्मं बरं वाटतंच.

उताराच्या कडेला, जाळीच्या पलीकडे, आम्हाला एका पायाची जागा मिळाली. म्हणजे प्रत्येकी एक पाय. शर्यत बाराला, आम्ही दहाला हजर. या वयात माणूस कुठेही गेला की आधी स्वच्छतागृह कुठे ते पाहून ठेवतो. मी चौकशी केली. “झाडं भरपूर आहेत की,” असं उत्तर आलं. मी थर्मास पिशवीत खोल ढकलला.

आता उताराविषयी. लांबी फार नाही, साधारण १८० मीटरची घसरण. पण बऱ्याच ठिकाणी दोन पावलं पुढे गेलं की एक पाऊल खाली, आणि काही ठिकाणी तर जेवढं पुढे तेवढंच खाली. वर उभ्या असलेल्या पोरांच्या बुटांचे तळवे मला खालून दिसत होते. त्यात कुणी जपानहून आलेलं, कुणी जर्मनीहून, कुणी अमेरिकेहून. एक जण सुपरमॅन झाला होता. हेल्मेट घातलेलं मला तरी कुणी दिसलं नाही.

दोन तास उभं राहायचं म्हटल्यावर जावयाने इतिहास काढला. या शर्यतीचा सर्वांत जुना लेखी उल्लेख १८२६ चा आहे, म्हणजे पेशवाई बुडून आठ वर्षं झाली होती आणि हे इथे चीजमागे पळत होते. प्रथा त्याहूनही जुनी मानतात. चीज ग्लॉस्टरशरचंच, डबल ग्लॉस्टर, तीन ते चार किलोचं, कडेने लाकडी पट्टी ठोकलेलं आणि रिबिनी बांधलेलं. युद्धकाळात रेशनिंग आलं तेव्हा १९४१ पासून १९५४ पर्यंत त्यांनी लाकडाचं चाक सोडलं, आणि खोटं बोलायला नको म्हणून आत एक चीजचा तुकडा बसवला. हा तुकडा मला फार आवडला. याला म्हणतात ताळेबंद स्वच्छ ठेवणं.

पुढचं ऐकून मात्र माझ्यातला बँकवाला जागा झाला. २००९ साली पंधरा हजारांवर गर्दी लोटली, म्हणून २०१० साली अधिकृत कार्यक्रम रद्द झाला. तेव्हापासून ही शर्यत अधिकृतपणे होतच नाही. नुसती होते.

“मग आयोजक कोण?”

“तसं कुणी नाही, बाबा.”

“जबाबदार कोण?”

“कुणीच नाही.”

“जामीन?”

जावई हसला. मी हसलो नाही. पाच हजार लोक एका टेकडीवर उभे आहेत आणि एकाचीही सही कुठे नाही! २०१३ साली पोलिसांनी जबाबदार माणूस शोधायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांना सापडली कोण, तर चीज बनवणारी ८६ वर्षांची आजी. तिला ताकीद दिली की चीज पुरवलंस तर अपघातांना तू जबाबदार. त्या वर्षी फोमचं हलकं चीज सोडलं. पळणारे तेवढेच आपटले.

बारा वाजले. वर पांढरा कोट घातलेला एक गृहस्थ मोजू लागला. एकला तयार, दोनला सज्ज, तीनला चीज सुटणार, चारला माणसं. तीन ऐकू आला आणि माझ्यासमोरून काहीतरी गेलं. चीज मला दिसलं नाही. दिसला तो रिबिनीचा एक तांबडा फराटा आणि ऐकू आलं ते गवतावर तीनदा धप्, धप्, धप्. ताशी सत्तर मैलांपर्यंत जातं म्हणतात. मग माणसं आली. त्यांना पळणं म्हणणं म्हणजे शब्दाचा अपमान. पहिली चार पावलं पळतात, पाचवं पाऊल जमिनीला लागतच नाही, आणि पुढे माणूस आणि पोतं यांत फरक राहत नाही. कुणी पाठीवर, कुणी कोलांट्या खात, एकाचा बूट त्याच्याआधी खाली पोहोचला. तळाशी रग्बी खेळणारे दांडगे तरुण खांदे रोवून उभे होते. शर्यत संपल्यावरही न थांबणाऱ्यांना थांबवणं हे त्यांचं काम.

आणि माझ्या कानाशी कुणीतरी ओरडलं, “अरे पळ! पळ रे पळ! उठ, मेल्या, उठ!”

ही आमची ही होती. हातातली पुरी हवेत.

पहिली शर्यत एका जर्मन तरुणाने मारली. ते चिखलाने माखलेलं चाक त्याने असं डोक्यावर धरलं की मला वाटलं आता पेढे वाटतो. मी हिशोब केला. दुकानात या चीजला साडेतीन किलोचे चाळीस पौंड पडतील. त्यासाठी तारण काय, तर दोन गुडघे, एक मणका आणि विमान भाडं. कुठली शाखा हे प्रकरण मंजूर करेल? २०२३ साली बायकांच्या शर्यतीत कॅनडाची एकोणीस वर्षांची मुलगी शेवटी आपटून बेशुद्ध झाली आणि जिंकली. आपण जिंकलो हे तिला उपचारांच्या तंबूत शुद्धीवर आल्यावर कळलं. क्रिस अँडरसन नावाच्या स्थानिक पठ्ठ्याने २०२२ पर्यंत तेवीस शर्यती जिंकल्या, आणि त्याला डबल ग्लॉस्टर फारसं आवडत नाही. आपल्याकडे ‘कष्टाचं चीज झालं’ म्हणतात ते वेगळं.

मग उतरणं आलं. कडेची पायवाट हजारो बुटांनी मळून शिऱ्यासारखी झाली होती. लेक म्हणाली, “बाबा, हात धरा.” मी म्हणालो, “मी काय लहान आहे?” हे वाक्य पूर्ण झालं तेव्हा मी बसलेला होतो. बसलो तो बसल्या बसल्याच निघालो. गुडघ्याचा पट्टा एकीकडे, चष्मा दुसरीकडे, आणि शेवटचे पंधरा फूट मी कशालाही न धरता, कारण धरण्यासारख्या सगळ्या नेटली होत्या. तळाशी एका रग्बीवाल्याने सवयीने खांदा पुढे केला आणि मला अलगद अडवलं. आजूबाजूच्या पन्नासेक लोकांनी टाळ्या वाजवल्या. मघाचा तो डॉकवाला म्हातारा अंगठा वर करून म्हणाला, “वेल रन!”

ही सावकाश, लेकीचा हात धरून, शहाण्या माणसासारखी उतरली. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, “आणि चीज?”

घरी आल्यावर मी सोफ्यावर पालथा, कमरेखाली नेमकं कुठे ते सांगत नाही, तिथे गोठवलेल्या मटारची पिशवी. जावयाने वाटेतल्या दुकानातून डबल ग्लॉस्टरचा तुकडा आणला होता. हिने तो किसून थालीपिठावर घातला. लेक म्हणाली, “चला, आता पुन्हा असलं काही नको. बाबांचं वय बघा.” जावई बिचारा मान खाली घालून फ्रिजवरची यादी काढायला उठला.

“राहू दे रे जरा,” स्वयंपाकघरातून ही म्हणाली. “ते वेल्सचं चिखलातलं पोहणं ऑगस्टात असतं ना? त्यातली ती नळी आपली न्यायची, की तिथे मिळते?”