दुखणं थांबलं म्हणजे अल्सर भरला का? त्या 'स्पास'वाल्या फॉरवर्डबद्दल

तीन ग्रुपवर तोच मेसेज आला, शेवटी आत्यानेही पाठवला, म्हणून लिहायला बसलो. मेसेज थोडक्यात असा: अल्सर (म्हणजे पोटातली जखम), जळजळ, पोटदुखी सगळ्यावर स्पासची, म्हणजे मुरडा थांबवणारी, साधी गोळी घ्या, झाडपाल्यातलंच औषध आहे, साइड इफेक्ट नाही, ॲसिडच्या गोळ्यांनी किडनी जाते हिने नाही, दुखणं थांबलं की अल्सर भरला समजा, आणि तोंड कोरडं पडलं तर ती औषध लागू पडल्याची खूण. मी अकोल्यात मेडिकलच्या काउंटरवर उभा असतो, ही गोळी मागणारे रोज येतात, तेव्हा जरा एकेक मुद्दा बघू.

झाडपाला म्हणे. धोतरा पण झाडच आहे ना, महाशिवरात्रीला पिंडीवर वाहतो पण तोंडात घालत नाही कोणी. धोतऱ्यात ॲट्रोपिन, हायोसिन असतं, आणि ह्या गोळ्या त्याच वाटेने काम करतात. त्यातलं आपल्याकडे सगळ्यात जास्त खपणारं डायसायक्लोमिन तर कारखान्यातच बनतं. शरीरात ॲसिटिलकोलीन नावाचं एक रसायन आतड्याला 'आवळ' असा निरोप देतं, गोळी तो निरोप अडवते, म्हणून मुरडा थांबतो. पण तोच निरोप लाळेला, घामाला, डोळ्याला, लघवीच्या पिशवीला पण जातो, मग तो तिथेही अडतो. तोंड कोरडं पडतं ते ह्यानेच, त्याचा अल्सर बरा होण्याशी काही संबंध नाही.

आता मोठा घोळ, 'दुखणं थांबलं की भरला'. अहो, १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडीन हे ॲसिड कमी करणारं औषध आलं त्याच्या आधी अल्सरला ह्याच जातीच्या गोळ्या देत होते, कारण दुसरं फार काही नव्हतंच. ॲसिड थोडंफार कमी व्हायचं, पण पुरेसं कमी करायचं तर डोस इतका चढवावा लागायचा की माणूस तोंड कोरडं आणि नजर धूसर घेऊन बसायचा. मग १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात मार्शल आणि वॉरेन ह्या डॉक्टरांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा अल्सर करणारा जंतू वाढवून दाखवला, मार्शल तर १९८४ मध्ये तो जंतू स्वतःच प्यायले, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्या जंतूला तुमच्या स्पासच्या गोळीने ढिम्म फरक पडत नाही, त्याला अँटिबायोटिक आणि ॲसिडची गोळी असा साधारण १४ दिवसांचा कोर्स लागतो, तोही डॉक्टरने टेस्ट करून दिलेला.

अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे पेनकिलर, आणि खरी गंमत इथे आहे. परवा एक काका आले, हातात एंडोस्कोपीचा रिपोर्ट, आणि मागतात मेफ्टाल स्पास. मी स्ट्रिप उलटी करून चष्मा वर घेऊन वाचायला लावली: मेफेनामिक ॲसिड २५० मिग्रॅ, डायसायक्लोमिन १० मिग्रॅ. म्हटलं काका, ह्यातलं पहिलं नाव पेनकिलर आहे, अल्सर असताना हे म्हणजे आगीत तेल. पाळीच्या दुखण्याला ती गोळी ठीक, पण नावात 'स्पास' दिसलं की ती पोटाची हा समज डोक्यातून काढा.

किडनीचं म्हणाल तर त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल ह्या ॲसिडच्या गोळ्यांनी क्वचित किडनीला सूज येते, आणि वर्षानुवर्षं आपल्याच मनाने गिळत राहणं चूकच. पण अल्सरला ४ ते ८ आठवडे डॉक्टरच्या सांगण्याने घेणं वेगळं. त्याला घाबरून स्पासवर जाणं म्हणजे उंदराला भिऊन घर जाळणं.

'साइड इफेक्ट नाही' हे वाक्य लिहिणाऱ्याने मे महिन्यात इकडे यावं. ४४-४५ डिग्रीत घाम हाच आपला कूलर, आणि ही गोळी घामच कमी करते, शेतात राबणाऱ्याला ऊन लागायला वेळ लागत नाही. प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्या माणसाची लघवी तुंबते, आमच्याच गल्लीतल्या एका आजोबांना रात्री दोनला नळी घालावी लागली. शिवाय म्हाताऱ्यांना बरळणं, भ्रम होणं. काचबिंदूचा जो प्रकार अचानक दाब वाढवतो त्यात तर डोळाच पणाला लागतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर डायसायक्लोमिन अजिबात नाही, थेंब पण नाही.

डॉक्टरने लिहून दिली असेल तर जरूर घ्या, मी काही गोळीचा वैरी नाही. जेवणाआधी अर्धा-एक तास, ॲसिडिटीचं पातळ औषध सोबत नको, मध्ये तासा-दोन तासांचं अंतर ठेवा, आणि नजर धूसर असेल तर गाडी नको. ॲव्हिल (ॲलर्जीची गोळी) किंवा झोपेची, नैराश्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा. आणि डोमपेरिडोनवाली गॅसची गोळी सोबत घेताय? एक पोटाला पुढे ढकलते, दुसरी थांबवते. डांबरासारखी काळी शी, रक्ताची उलटी, एकदम सुरी खुपसल्यासारखं दुखणं, ह्यात गोळी शोधत बसू नका, गाडी काढा आणि सरळ हॉस्पिटल गाठा.

आत्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणाली, बरं बाबा, पण घरात दोन स्ट्रिपा पडल्यात त्यांचं काय? म्हटलं फोटो पाठव. दोन्ही मेफेनामिकवाल्या निघाल्या.