‘मुलगी असून किती मस्ती करते हो!’

हे वाक्य गेल्या काही महिन्यांत इतक्यांदा कानावर आलंय की समोरचा माणूस तोंड उघडायच्या आधीच मला अंदाज येतो. बोलणारी माणसं मनानं वाईट नसतात, बरेचसे तर कौतुकानंच बोलतात. तरीही मला ते खटकतं आणि दिवसेंदिवस जास्तच खटकायला लागलंय. आमची लेक दोन वर्षांची होत आलीय. ती पळते, चढते, लोळते, खळखळून हसते आणि बिनसलं की घर डोक्यावर घेते. या वयाची सगळीच धडधाकट पोरं हे करतात. तिच्या जागी मुलगा असता तर हीच माणसं ‘गडी दणकट आहे हो’ म्हणून पाठ थोपटून गेली असती. लेकीच्या वेळी मात्र लगेच सल्ला येतो, ‘आत्तापासून वळण लावा, नंतर जड जाईल.’

माझं मत सरळ आहे. तिचा दंगा कमी व्हावा म्हणून मी काही करणार नाही. तिच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून मात्र वाट्टेल ते करीन. या दोन गोष्टींची लोक सतत गल्लत करतात आणि ती मुलींना भोवते.

आधी आनंदाचं सांगतो, कारण काळज्या सांगायला लागलो की तेवढंच लिहून होईल.

पलंगावरून उतरायला ती नुकतीच शिकली. त्याआधी तोंड पुढे करून सरळ कडेकडे झेपावायची आणि आमचा जीव वर-खाली व्हायचा. आता ती कडेला येते, थांबते, खाली वाकून जमीन बघते. मग मोठ्या कष्टानं उलटी फिरते, पोटावर झोपते, दोन्ही मुठींत चादर घट्ट धरते आणि एक पाय खाली सोडते. त्या पायाचा अंगठा हवेत जमीन शोधत असतो. जमीन लागत नाही. चेहरा लाल होतो, श्वास जोरात यायला लागतो, पण पाय वर घेत नाही. अजून जराशी घसरते, आणि टेकला एकदाचा! दुसरा पाय आला की माझ्याकडे वळून दोन्ही हात वर करते आणि ‘पोतली!’ म्हणून ओरडते. लगेच पुन्हा वर चढायला सुरुवात. पुन्हा उतरायचं असतं ना.

हे बघताना मला जो आनंद होतो तो शब्दांत नीट सांगता येत नाही. कुणीही न शिकवता तिनं उंचीचा अंदाज घ्यायला, आधार शोधायला, घाबरूनही पुढे जायला शिकून घेतलं.

या पोरांचे कष्ट किती असतात याची मोठ्यांना कल्पना नसते. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 12 ते 19 महिन्यांची मुलं मोकळेपणी खेळत असताना त्यांची पावलं मोजली. तासाला सरासरी 2,368 पावलं, सुमारे 700 मीटर अंतर, आणि 17 वेळा पडणं. हे सगळं एका तासात! पडतात, उठतात, पुढे चालायला लागतात. आपण मोठी माणसं तासात 17 वेळा पडलो असतो तर त्या दिवशी पुन्हा उभं राहायचं नाव काढलं नसतं. ‘हिच्या पायाला भिंगरी आहे’ असं तिची आजी म्हणते ते अगदी खरं आहे, आणि ती भिंगरी असायलाच हवी. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यातही एक-दोन वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल करावी असं म्हटलंय. तीन तास! आमच्याकडे ते नाश्त्याच्या आसपासच संपत असावेत.

वस्तू खाली टाकण्याचंही तसंच. चमचा टाकते, मी उचलून देतो, पुन्हा टाकते. पाहुण्यांना तो वाह्यातपणा वाटतो. जरा तिच्या डोळ्यांकडे बघा. आधी ती चमच्याकडे बघते, मग तो जिथे पडला तिकडे, मग माझ्या चेहऱ्याकडे. दुसऱ्या वेळी हात अजून उंच नेते. मग उशीवर टाकते आणि आवाज आला नाही म्हणून थबकते. ज्यां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं आपल्याच मुलांचं निरीक्षण करून हे बारकाईनं लिहून ठेवलंय. दीड वर्षाच्या आतबाहेरचं मूल तीच कृती थोडी थोडी बदलून करून बघतं आणि काय होतं ते तपासतं. मी तो चमचा न कुरकुरता उचलून देतो. पाठ दुखेपर्यंत देतो.

आता मला ज्याचा खरोखर त्रास होतो ते.

याच अडॉल्फबाईंच्या प्रयोगशाळेतला आणखी एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. 11 महिन्यांच्या रांगणाऱ्या बाळांच्या आयांना एक उतरता पृष्ठभाग दाखवला. त्याचा उतार कमी-जास्त करता येत होता. आयांनी सांगायचं होतं की आपलं बाळ किती तीव्र उतार रांगत उतरेल. मग बाळांना प्रत्यक्ष उतरू दिलं. मुली आणि मुलगे यांच्या कामगिरीत फरक नव्हता. फरक होता आयांच्या अंदाजात. मुलग्यांच्या आयांनी तो जास्त धरला होता आणि मुलींच्या आयांनी कमी.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ अस्वस्थ होतो. त्या आया काही मुलींचा दुस्वास करणाऱ्या नव्हत्या. मनापासून प्रेम करणाऱ्या, काळजी घेणाऱ्या बायका होत्या. चालताही न येणाऱ्या लेकीला जे जमतं तेही ‘हिला नाही जमायचं’ असं प्रेमापोटीच त्यांना वाटत होतं.

त्याच्याही आधीचा, 1976 चा, कॉन्ड्री दांपत्याचा प्रयोग असाच आहे. लोकांना एका बाळाची चित्रफीत दाखवली. डब्यातून टुणकन उडणारं खेळणं बघून बाळ बिथरतं. ज्यांना ‘हा मुलगा आहे’ असं सांगितलं होतं त्यांना बाळ चिडलेलं वाटलं, ज्यांना ‘मुलगी आहे’ सांगितलं त्यांना घाबरलेलं वाटलं. बाळ एकच, रडणंही तेच.

म्हणजे माझी लेक शिडीवर चढताना थांबली तर मला ती घाबरलेली दिसणार आणि मी धावत जाऊन तिला कडेवर घेणार. ती कदाचित फक्त पुढचा पाय कुठे ठेवायचा याचा विचार करत असेल. तिचा विचार मी अर्ध्यात तोडला आणि वर तिला सांगून टाकलं की ही जागा भीतीची आहे. असं रोज, प्रत्येक पायरीवर, प्रत्येक घसरगुंडीवर, घरातल्या सगळ्यांनी मिळून केलं तर चार वर्षांनी ती मुलगी शिडीच्या जवळ जाईल का?

2017 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं की पाच वर्षांच्या मुली ‘खूप खूप हुशार’ माणूस म्हटल्यावर आपल्यासारख्याच कुणाचा, म्हणजे मुलीचा किंवा बाईचा, विचार करतात. सहा-सात वर्षांच्या झाल्या की मात्र मुलग्यांपेक्षा कमी प्रमाणात. तो अभ्यास अमेरिकेतल्या मुलांवरचा आहे, सगळीकडे अगदी तसंच घडत असेल असं मी म्हणत नाही. पण सहाव्या वर्षी जे दिसलं ते रातोरात उगवलेलं नसणार. त्याची पेरणी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच चालू असते, ‘सांभाळून गं’, ‘नको गं’, ‘मुलीच्या जातीनं असं करू नये’ म्हणत म्हणत.

मग काळजी करायचीच नाही का? करायची, आणि डोळ्यांत तेल घालून करायची. फक्त कशाची, हे नीट ठरवायचं.

बायको आणि मी बसून घरातल्या धोक्यांची वाटणी केली. एका बाजूला अशा गोष्टी ज्यात लागेल, टेंगूळ येईल, गुडघा फुटेल, ती रडेल आणि पुढच्या वेळी सावध होईल. दुसऱ्या बाजूला अशा गोष्टी ज्यात पुढची वेळ येणारच नाही. पहिल्या प्रकारात आम्ही शक्यतो हात मागे बांधून उभे राहतो. दुसऱ्या प्रकारात कसलीही सूट नाही.

बटणासारखे चपटे सेल या दुसऱ्या प्रकारातले. रिमोट, खेळणी, वजनकाटा, गाणं वाजवणारी शुभेच्छापत्रं, कुठेही असतात. मुलानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यामुळे त्यातून वीज वाहू लागते आणि दोन तासांच्या आतही आतून गंभीर भाजू शकतं. उपकरण चालत नाही म्हणून काढून ठेवलेला सेलही घातक ठरू शकतो, कारण त्यात थोडा जोर शिल्लक असतो. गिळल्याचा नुसता संशय आला तरी तडक इस्पितळ गाठायचं, ‘बघू सकाळपर्यंत’ करायचं नाही. हे मला बाप झाल्यावर कळलं, आणि अजून कितीतरी घरांत माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

दुसरं म्हणजे पाणी. या वयात डोकं शरीराच्या मानानं जड असतं, बादलीत वाकलेलं मूल तोल जाऊन आत पडलं तर त्याला स्वतःला वर काढता येत नाही. काही सेंटिमीटर पाणीही पुरतं, आणि बहुतेकदा आरडाओरडाही होत नाही. आमच्याकडे बादली वापरून झाली की रिकामी करून पालथी, मग कितीही घाई असो. उंच कपाटं भिंतीला पक्की केली, कारण खण उघडून पायरीसारखे वापरायचा शोध बाईंनी लावलाय. औषधं कुलपात. गॅलरीजवळ खुर्ची नाही, स्टूल नाही.

हे एवढं केलं की उरलेल्या घरात तिला ‘नको’ म्हणायची वेळ फार कमी येते. आमचा ‘नको’ जपून वापरला जातो म्हणून ती तो ऐकतेही. निदान बऱ्याचदा.

तिचा राग हा आणखी एक विषय. मनासारखं झालं नाही की भोकाड पसरते, जमिनीवर आडवी होऊन हातपाय आपटते. परवा बूट स्वतः घालायचा होता. ‘मी कलते, मी कलते’ चालू होतं आणि डावा बूट उजव्या पायात काही केल्या जाईना. घाईत बायकोनं हात लावला आणि आभाळ कोसळलं. लोक म्हणतात मुलीला इतका राग बरा नव्हे. दोन वर्षांच्या मुलाला वा मुलीला राग आवरता येणं शक्यच नसतं. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता पक्व व्हायला पंचविशीच्या आसपासचं वय उजाडतं. आम्ही जवळ बसतो. मारू देत नाही, फेकू देत नाही, पण रडू देतो. ओसरलं की ती आपणहून कुशीत येते आणि नाक आमच्या कपड्यांना पुसते. तिला राग येतो म्हणजे तिला काहीतरी ठामपणे हवं आहे. ते हवं असणं मला तिच्यातून काढून टाकायचं नाही, ते सांगायची पद्धत तेवढी हळूहळू शिकवायची आहे.

आणि इथेच माझी सगळ्यात मोठी काळजी आहे, जी कुठल्याही कुलपानं सुटत नाही. ती सगळ्यांकडे जाते, कुणालाही हाक मारते, कुणाच्याही मांडीवर बसते. तिचा हा मोकळेपणा बघून ऊर भरून येतो आणि त्याच क्षणी पोटात गोळाही येतो. जग कसं आहे ते आपल्याला माहीत आहे. तिला आत्तापासून घाबरवून ठेवणं मला पटत नाही. म्हणून आम्ही एकच नियम पाळतो. तिनं मान हलवून ‘नाई’ म्हटलं की तिला जबरदस्तीनं कुणी उचलायचं नाही, कुणाचा पापा घ्यायला लावायचं नाही, जवळचं असो की लांबचं. गुदगुल्या करतानाही तिनं ‘बश’ म्हटलं की हात तिथल्या तिथे थांबतात. यावरून काही माणसं दुखावली आहेत. ‘आम्ही काय परके आहोत का?’ असंही ऐकून घेतलं. मी त्यांना शांतपणे सांगतो की जवळच्या माणसांनी तिचं ‘नाही’ ऐकलं तरच आपल्या ‘नाही’ला किंमत आहे असं तिला वाटेल. ती मोठी होऊन आमच्याशिवाय बाहेर जाईल तेव्हा तिच्याजवळ हे असायला हवं.

मोबाईलबद्दल थोडक्यात. चंचल मुलाला गप्प करायचा सगळ्यात सोपा उपाय तोच आहे आणि म्हणूनच आम्ही तो हाताशी ठेवत नाही. वर उल्लेख केलेल्या तत्त्वांतच एक वर्षाच्या मुलांना बसवून स्क्रीन दाखवूच नये आणि दोन वर्षांच्यांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तर उत्तम, असं आहे.

एक गोष्ट मात्र आवर्जून. शांत स्वभावाची मुलगी म्हणजे दबलेली, असं मी अजिबात म्हणत नाही. काही मुलं मुळातच आधी बघतात आणि मग उतरतात, तेही सुंदरच. पण दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल किंवा येत असलेले शब्द बोलायचं बंद झालं असेल तर ‘स्वभाव असेल’ म्हणून थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आमच्याकडे येणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ती खिडकीच्या कट्ट्यावर चढून दाखवत असेल तर मी शेजारीच उभा आहे, तुम्ही किंचाळू नका. ‘पडशील गं’च्या ऐवजी ‘पाय कुठे ठेवणार आता?’ असं विचारा. ती थांबून खरोखर विचार करते, बघा एकदा.

आणि ज्यांच्या अशाच दंगेखोर लेकी आता सहा-सात वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या आहेत, त्यांच्याकडून मला जाणून घ्यायचंय. शाळा सुरू झाली, मैत्रिणी आल्या, चार लोकांचं बोलणं तिला समजायला लागलं, तेव्हा ती चढायची थांबली का? थांबली नसेल तर तुम्ही घरात नेमकं काय केलंत?