‘झाडावर सोडा, बाकी तो बघून घेईल’: घरात मोकळ्या शॅमेलिऑनबद्दलचा गोड गैरसमज

पिंजरा म्हणजे कैद, म्हणून शॅमेलिऑनला, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याला, खिडकीशेजारच्या कुंडीतल्या मोठ्या झाडावर मोकळं सोडावं, हा सल्ला सुंदर फोटोंसकट सगळीकडे फिरतो. सोबत काही आश्वासनंही असतात. तो झाड सोडून जात नाही. खिडकीतलं ऊन त्याला पुरतं. पानांवर दोनदा पाणी फवारलं की झालं. घरातले किडे तो स्वतःच टिपतो. आणि मोकळा असला की त्याचा रंग खुलतो, म्हणजे तो खूश असतो.

सल्ला देणाऱ्यांचं एक निरीक्षण खरं आहे. अरुंद पिंजऱ्यात किंवा काचेच्या टाकीत कोंडलेला प्रौढ नर दिवसभर जाळीवर चढत राहतो, काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर फुगतो, नखं झिजवून घेतो. तोच नर उंच, दाट झाडावर गेला की तासाभरात शांत होतो. त्याला उंची मिळते, हवा खेळती राहते आणि नको असेल तेव्हा पानाआड जाता येतं. पण हे सगळं ६० × ६० × १२० सेंमीच्या, आतून झाडांनी भरलेल्या जाळीच्या पिंजऱ्यातही मिळतं. पिंजरा काढल्यावर ऊब, प्रकाश, दमटपणा आणि हद्द या चारही गोष्टी उघड्या खोलीत नव्याने उभ्या कराव्या लागतात, आणि तिथे त्या जास्त अवघड असतात. फोटोत झाड दिसतं, ही बाजू दिसत नाही.

‘खिडकीतलं ऊन पुरतं’

सर्वात जास्त जनावरं या एका वाक्यामुळे आजारी पडतात. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार व्हायला लागणारे उन्हातले यूव्हीबी म्हणजे अतिनील किरण (२८० ते ३१५ नॅनोमीटर) साधी खिडकीची काच जवळजवळ पूर्णपणे अडवते. आत येतो तो उजेड आणि ऊब. जनावर उन्हात बसलेलं दिसतं, पण त्याच्या हाडांना त्यातून काहीच मिळत नाही. ड जीवनसत्त्व नाही म्हणून कॅल्शियम शोषलं जात नाही आणि शरीर ते हाडांतून काढू लागतं. आधी जीभ आखूड पडते, नेम चुकतो. मग फांदीवरची पकड सैल होते, पुढचे पाय कोपरात वाकतात, जबडा मऊ पडतो. वाकलेली हाडं नंतर सरळ होत नाहीत. वाढत्या पिल्लांत हे काही आठवड्यांत घडू शकतं.

म्हणजे झाड कितीही मोठं असलं तरी वर टी-५ प्रकारची (बारीक ट्यूबलाइटसारखी) यूव्हीबी नळी लागतेच, तीही परावर्तक असलेल्या पट्टीत. साधा बल्बसारखा गोल यूव्हीबी दिवा एवढ्या पसाऱ्याला पुरत नाही. व्हेल्ड आणि पँथर या घरात पाळल्या जाणाऱ्या दोन्ही जातींना शेकण्याच्या फांदीवर यूव्ही निर्देशांक (अतिनील किरणांची तीव्रता) ३ च्या आसपास हवा. ६ टक्के यूव्हीबीची नळी आणि मध्ये जाळी नसेल तर तो साधारण २५ ते ३० सेंमी अंतरावर मिळतो. अंतर दुप्पट केलं की तो निम्म्याहूनही खाली जातो, त्यामुळे छताला नळी आणि मीटरभर खाली झाड ही रचना निव्वळ सजावट आहे. शक्य असेल तर यूव्ही निर्देशांक मोजणारा मीटर वापरावा, कारण नळी डोळ्यांना पूर्वीइतकीच उजळ दिसत असतानाही तिचा यूव्हीबी घटलेला असतो. मीटर नसेल तर वर्षाने नळी बदलावी.

याची उलट बाजू कुणी सांगत नाही. पिंजऱ्यात दिवा जाळीच्या बाहेर असतो. मोकळ्या झाडावर शॅमेलिऑन थेट पट्टीवर चढून बसतो आणि नळीपासून दोन-तीन सेंमीवर तासभर राहतो. डोळे सुजतात, मिटलेले राहतात, पाठीची त्वचा भाजते. उष्णतेच्या दिव्याचं तसंच. डोक्यावरचा शेंडा आणि पाठीचा कणा आधी तापतो आणि चटका बसतोय हे जनावराला वेळेवर कळत नाही. म्हणून दिव्याची उंची फांदीपासून न धरता बसलेल्या जनावराच्या पाठीपासून धरावी आणि निदान २० ते २५ सेंमी ठेवावी. तापमानही पाठीच्या उंचीवर, प्रोबच्या डिजिटल थर्मामीटरने मोजावं: नरासाठी २९ ते ३१ अंश, व्हेल्ड मादीसाठी २७ च्या आसपास. दिव्याला तारेची टोपी हवी आणि सिरॅमिक होल्डर हवा. चिमट्याने अडकवलेला दिवा निसटून पडद्यावर पडला तर आग लागते, म्हणून चिमट्यावर न विसंबता दिवा साखळीने टांगावा. वायर झाडाला टेकू देऊ नये. त्याला ती वेलच वाटते.

‘पानांवर पाणी फवारलं की झालं’

शॅमेलिऑन वाटीतलं साचलेलं पाणी सहसा ओळखत नाही. हलणारे, चमकणारे थेंब त्याला दिसतात. इथपर्यंत सल्ला बरोबर आहे. पण हातपंपाने मारलेले चार फवारे मिनिटभरात ओघळून जातात आणि कित्येक शॅमेलिऑन पाणी पडायला लागल्यावर पाच-दहा मिनिटांनी पिऊ लागतात.

रोज लागतं ते असं: दिवे लागण्याआधी दोन-तीन मिनिटं बारीक फवारा, संध्याकाळी दिवे गेल्यावर पुन्हा तेवढाच, आणि दिवसा अर्धा तास ठिबक. ठिबकाला बाटलीच्या तळाला टाचणीचं भोक पुरतं, वेग सेकंदाला साधारण एक थेंब. आता हिशोब करा. त्या वेगाने तासाला सुमारे १८० मिली पाणी पडतं. फवाऱ्याचं एक नोझल मिनिटाला साठेक मिली टाकतं, म्हणजे दोन नोझल दिवसाला पाच मिनिटं चालली की अर्ध्या लिटरहून जास्त. पिंजऱ्यात हे खालच्या ट्रेमध्ये जमतं. खोलीत ते लाकडी जमिनीवर, भिंतीवर आणि स्विचबोर्डच्या दिशेने जातं. दोन आठवड्यांत भिंतीला बुरशी येते, मग घरातली माणसं फवारा कमी करतात आणि जनावर सुकतं. हा क्रम इतका ठरलेला आहे की कोरडं पडलेलं मोकळं जनावर दिसलं की आधी भिंत बघावी.

उपाय म्हणजे झाडाची कुंडी तिच्या फांद्यांच्या पसाऱ्याहून रुंद अशा उथळ टबात ठेवणं. टबाच्या तळाला भोक पाडून नळी बादलीत सोडावी, आणि बादलीला झाकण असावं. नोझलचं तोंड भिंतीकडे न ठेवता खोलीच्या आतल्या बाजूला ठेवावं. रात्रीचा दमटपणा मात्र उघड्या खोलीत फारसा साधत नाही. व्हेल्ड आणि पँथर दोघांनाही दिवसा मध्यम दमट आणि रात्री थंड, ८० टक्क्यांच्या वर दमट हवा मानवते. झोपेत श्वासातून जाणारं पाणी त्यामुळे वाचतं. वातानुकूलित खोलीत ही पातळी गाठणं जवळपास अशक्य आहे, म्हणून अनेक अनुभवी पालक दिवसा झाड आणि रात्री पिंजरा अशी वाटणी करतात.

पुरेसं पाणी मिळतंय का, हे विष्ठेसोबतच्या युरेटवरून, म्हणजे लघवीच्या घट्ट भागावरून, कळतं. ते पांढरं असावं, टोकाला थोडा पिवळा रंग चालतो. नारिंगी झालं की पाणी कमी पडतंय.

‘तो झाड सोडत नाही’

समाधानी जनावर बराच काळ झाडावर राहतं, हे खरं. पण जागा गरम वाटली, तहान लागली, दुसरा शॅमेलिऑन किंवा आरशातलं प्रतिबिंब दिसलं, नर वयात आला की तो उतरतो. छतापासून टांगलेल्या वेलींच्या जाळीवर, जिचं भिंतीशी काही नातं नाही, तिथूनही तो सरळ खाली उडी टाकतो. खाली मग दाराची फट असते, जिच्यात शेपूट चिरडते. शॅमेलिऑनची शेपूट पालीसारखी पुन्हा उगवत नाही. छताचा पंखा हा तर वेगळाच धोका: पडद्याच्या दांडीवरून पात्यांपर्यंत तो आरामात पोहोचतो. ज्या खोलीत शॅमेलिऑन मोकळा आहे तिथला पंखा स्विचने नुसता बंद ठेवून भागत नाही, त्याची वायर काढून ठेवावी.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर चर्चाच संपली. मांजराचा दात नुसता लागला तरी जखमेत जंतू जातात आणि जनावर काही दिवसांत दगावू शकतं. ‘आमची मांजर काही करत नाही’ या वाक्यावर कोणताही सरडा विसंबत नाही: मांजर खोलीत बसून नुसती बघत असली तरी तो खाणं सोडतो.

माद्यांसाठी तर ‘तो झाड सोडत नाही’ हे वाक्य जीवघेणं आहे. व्हेल्ड मादी नराशिवायही अंडी घालते, वयाच्या सहाव्या महिन्याच्या आसपासपासून, आणि एका वेळी वीस ते साठ-सत्तर अंडी सहज. त्याआधी ती खाणं कमी करते, अस्वस्थ होते, खाली उतरून जागा शोधते. पिंजऱ्यातली मादी तळाला फिरू लागली की पालकाला लगेच कळतं. मोकळी मादी फिरतेच आहे असं वाटून ही खूण निसटते. ती कोपरे उकरते, योग्य माती मिळत नाही, अंडी पोटात अडकतात आणि मग शस्त्रक्रियेशिवाय मार्ग उरत नाही. तिला निदान ३० × ३० × ३० सेंमीचा, बोगदा खणला तर ढासळणार नाही इतक्या ओलसर वाळू-मातीने भरलेला डबा हवा. डबा अशा जागी असावा जिथे खणताना तिला कुणी दिसणार नाही. खणताना माणूस दिसला तर ती काम सोडून देते. हे सांभाळायला पिंजरा सोपा पडतो. म्हणून मादी मोकळी ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत.

‘घरातले किडे खातो’

खाईल. त्यातलं एखादं झुरळ कीटकनाशकाच्या जेलवरून चालून आलेलं असेल. काजवा घरात शिरला आणि त्याने टिपला तर काजव्यातलं विष सरड्याला मारू शकतं. प्रौढ शॅमेलिऑनला एका दिवसाआड चार-पाच किडे पुरतात, त्यामुळे घरातल्या किड्यांचा बंदोबस्त त्याच्याकडून होईल ही आशाही फोल.

मुख्य मुद्दा पोषणाचा आहे. क्रिकेट (खाद्य म्हणून मिळणारे रातकिडे) आणि झुरळांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम अगदी कमी असतं. म्हणून पाळीव किड्यांना आधी २४ तास हिरव्या पालेभाज्या, गाजर वगैरे खाऊ घालायचं, मग ड-३ नसलेल्या कॅल्शियमच्या भुकटीत हलकेच घोळून द्यायचं. ड-३ असलेली जीवनसत्त्वांची भुकटी महिन्यातून दोनदाच. मोकळ्या खोलीत हे किडे सुटे सोडायचे नाहीत. ते फर्निचरखाली जातात, भुकटी गळून पडते, आणि रात्री भुकेलं क्रिकेट झोपलेल्या सरड्याची कातडी कुरतडतं. खोल, गुळगुळीत भांडं फांदीला बांधावं. आतल्या एका बाजूला जाळीची पट्टी लावावी, म्हणजे किडे त्यावर चढून दिसत राहतात. भांड्यामागे पडदा किंवा गालिचा नको, कारण चिकट जिभेला धागे आणि केस लागून तेही पोटात जातात.

व्हेल्ड जात पानंही खाते. वीपिंग फिग, मनी प्लांट, जास्वंद ही झाडं सर्रास वापरली जातात. कण्हेर आणि डायफेनबेकिया घरातच नको. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडाची पानं धुऊन, माती बदलून ते काही आठवडे वेगळं ठेवावं.

‘रंग खुलला म्हणजे खूश’

पँथर शॅमेलिऑनवर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की त्वचेतल्या ग्वानिन या पदार्थाच्या सूक्ष्म स्फटिकांमधलं अंतर वाढलं की रंग हिरव्याकडून पिवळ्या-लालकडे सरकतो, आणि नर उत्तेजित झाला की हे अंतर वाढतं. म्हणजे फोटोतला तो झगझगीत नर बहुधा कॅमेऱ्यावर चिडलेला असतो.

स्वच्छतेबद्दल थोडक्यात: सरपटणारे प्राणी साल्मोनेला हे माणसाचं पोट बिघडवणारे जंतू बाळगतात, आजारी न दिसताही. स्वयंपाकाच्या ओट्यावर तो फिरता कामा नये, आणि पाच वर्षांखालची मुलं असलेल्या घरात मोकळं ठेवण्याचा विचारच करू नये.

एवढं असूनही प्रौढ, निरोगी नर मोकळा ठेवायचा असेल तर स्वतंत्र खोली हवी. दिवाणखान्यात टीव्ही आणि दिवे रात्री उशिरापर्यंत चालू असतात, आणि त्याला रोज बारा तास पूर्ण अंधार लागतो. फांद्या आडव्या, अंगठ्याएवढ्या जाड, आणि बसायची मुख्य जागा माणसाच्या डोळ्यांच्या वर असावी. दिवे टायमरवर. आठवड्यातून एकदा ग्रॅमच्या काट्यावर वजन. आणि पिंजरा विकून टाकू नये, कारण आजारपणात, औषधं देताना, घरात रंगकाम किंवा कीटकनाशक फवारणी असताना तो लागतोच.

हरवला तर दिवसा शोधण्यात फार अर्थ नाही. अंधार पडल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन बघावं, झोपेत त्याचा रंग फिका पडतो आणि प्रकाशात तो उठून दिसतो. आधी उंच जागा बघाव्यात: पडद्याच्या दांड्या, कपाटाचा माथा, दाराची चौकट. मग जमिनीवर, भिंतीच्या कडेने. सापडल्यावर रात्री हलवावं लागलं तर हलवा, पण खाऊ देऊ नका. सकाळी शरीर तापल्यावर आधी अर्धा तास ठिबक, मग किडे. डोळे खोल गेलेले असतील किंवा तो दिवसा डोळे मिटून बसत असेल, तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरकडे न्यावं.