चाळकेवाडीचा सरडा एवढा निवांत का झालाय?

परवा फॅमिली ग्रुपवर दादाने एक फॉरवर्ड टाकला, पवनचक्क्या म्हणजे पक्ष्यांचा कत्तलखाना वगैरे, त्यावर लगेच मामांचा रिप्लाय की त्यापेक्षा जास्त पक्षी मांजरं मारतात, आणि मग दिवसभर तेच दळण. मी गप्प बसलो. पण डोक्यातून जाईना म्हणून इथं लिहितोय, लांबलंय, चालवून घ्या.

आधीच सांगतो, मी पवनचक्क्यांच्या विरोधात नाहीये. साताऱ्याचा माणूस आहे, ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावर, त्या उभ्या राहिल्या तेव्हापासून बघतोय. कोळसा जाळून काय होतं ते काही वेगळं सांगायला नको. पण "स्वच्छ वीज" म्हटलं की पुढचं काही विचारायचंच नाही, हे मला पटत नाही.

त्याच सड्यावर एक सरडा आहे. उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, नर दगडावर चढून गळ्याखालची झालर पंख्यासारखी उघडतो, निळी, काळी, केशरी, बघतच राहावं अशी. 2016 साली शास्त्रज्ञांनी त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव दिलं 'सारडा सुपर्बा', म्हणजे आपला मराठी 'सरडा' शब्दच थेट शास्त्रीय नावात! (यावर कोणी अजून मिरवणूक कशी काढली नाही कळत नाही.)

तर बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या मंडळींनी ह्याच सड्यावर अभ्यास केला, 2018 ला तो छापून आला. पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग, दोन्हीकडं मोजणी केली. जिथं चक्क्या तिथं शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी, म्हणजे कापशी घार, तिसा असले. आणि ते कमी झाले म्हणून सरडे वाढले. एवढंच असतं तर ठीक, पण ते सरडेच बदलले. त्यांच्या रक्तात ताणाचं हार्मोन कमी, माणूस अगदी जवळ गेला तरी पळायची घाई नाही, आणि गर्दी वाढल्यामुळं खायला कमी पडत असणार, अंगानं बारीक आणि नरांच्या झालरीचे रंगही फिके. वर आभाळात घार नाही म्हणून खाली सरड्याचा रंग उडाला. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मोबाईलवर क्लोजअप काढून खूश झालो होतो की वा, काय पोज दिली पठ्ठ्यानं. आता तो फोटो बघितला की वेगळंच वाटतं.

म्हणून मामांचं मांजरांचं गणित मला पटत नाही. मांजर चिमणी, बुलबुल धरेल, घार किंवा गरुड धरणार आहे का? हे मोठे पक्षी वर्षाला एकदोन पिल्लं वाढवतात, त्यातला एक गेला तरी भरून यायला किती वर्षं जातात. शिवाय शिकार शोधताना मान खाली असते, समोरचं पातं दिसतच नाही, आणि लांबून संथ वाटणाऱ्या त्या पात्याचं टोक ताशी दोनशे किलोमीटरच्या वर पळत असतं.

वटवाघळांचं तर कोणी नावच घेत नाही. बहुतेक जाती वर्षाला एकच पिल्लू देतात. कॅनडात पवनचक्क्यांखाली सापडलेल्या वटवाघळांची तपासणी झाली, 2008 ला ती छापून आली, तर कितीतरींच्या अंगावर जखमच नव्हती, आत रक्तस्राव. पात्याजवळ हवेचा दाब एकदम पडतो त्यानं, असं तेव्हा म्हटलं गेलं, नंतर काहींनी सांगितलं की नाही, थेट फटकाच जास्त. कशानं का असेना, मेली ना.

उपाय नाहीत असंही नाही. वटवाघळं कमी वाऱ्याच्या रात्री जास्त उडतात, तेव्हा तशीही वीज फारशी होत नाही. अमेरिकेत अशा रात्री वारा जरा वाढल्यावरच चक्की सुरू केली तर मरण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आलं, आणि वर्षाच्या विजेतला तोटा एक टक्क्याच्या आत. नॉर्वेत स्मोला बेटावर तीनपैकी एक पातं काळं रंगवलं, त्या चक्क्यांवर पक्षी मरणं सत्तर टक्क्यांनी कमी झालं. चक्क्या चारच होत्या, त्यामुळं लगेच नाचायला नको, पण एक डबा रंग लावून बघायला काय जातंय?

आपल्याकडं अडचण अशी की विचारणारंच कोणी नाही. 2006 च्या पर्यावरण मंजुरीच्या नियमात पवनऊर्जा नाहीच, जमीन जंगलखात्याची असेल तर त्यांची परवानगी लागते, बाकी पक्षी-वटवाघळांचा अभ्यास आधी करा असं बंधन नाही. शेतात विहीर खणताना सुद्धा आपण पाणाड्याला बोलावतो हो! आणि नंतरची मोजणी म्हणाल तर पावसाळ्यात सड्यावर गवत एवढं माजतं की वीसपंचवीस ग्रॅमचं वटवाघूळ पडलं तर सापडणार कुणाला, आणि सकाळपर्यंत कुत्री, मुंगसं, मुंग्या ठेवतात होय. मग "इथं काही मरत नाही" म्हणायला मोकळे.

माझ्या लिस्टमध्ये पाटण, ढेबेवाडी, तिकडं साक्रीकडचे पण बरेच जण आहेत. कोणी चक्क्यांवर वॉचमन किंवा ऑपरेटर म्हणून नाइट केली असेल तर कमेंटमध्ये सांगा, पहाटे टॉवरच्या बुडाशी काय काय पडलेलं दिसायचं. कंपनीचं नाव नको, फक्त महिना आणि काय दिसलं तेवढं लिहा.