"बनवायला माणूस आहे" म्हणे!

आज सकाळी एका बाबांचा मेसेज आला. "मॅडम, परवा मुलाचं विज्ञान प्रदर्शन आहे. काहीतरी हटके आयडिया द्या. बनवायला माणूस आहे आपल्याकडे."

बनवायला माणूस आहे! पोळ्या लाटायला बाई असते, तसा. मुलगा सहावीत. म्हणजे त्याने काय करायचं, तर शर्ट इन करून टेबलामागे उभं राहायचं आणि पाठ केलेलं म्हणून दाखवायचं. उत्तर टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. तिथे मावेना म्हणून इथे लिहितेय. रागात आहे, सांभाळून घ्या.

परवा त्या हॉलमध्ये काय काय असेल ते मी इथे बसून सांगू शकते. स्मार्ट डस्टबिन: हात पुढे केला की झाकण उघडतं. अर्डुइनो (कोड लिहून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड), अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या लहरींनी अंतर ओळखणारा), छोटी सर्वो मोटर (ठरावीक कोनात फिरणारी), नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. दुपारपर्यंत झाकण थरथरायला लागतं, कारण सर्वोला लागेल तेवढा करंट ती बॅटरी देऊ शकत नाही आणि मोटर हलली की बोर्ड रीसेट होतो. मुलाला विचारा का थरथरतंय. त्याला माहीत नसतं, कारण ते दुकानात जुळवलेलं असतं. आणि मुळात पायाने दाबून उघडणारा डबा बाजारात असताना हे कुणाला हवंय?

मग अंधांसाठी काठी. दरवर्षी असते. सेन्सर काठीच्या खालच्या टोकाला. अहो, गुडघ्याच्या खालचं सगळं साध्या पांढऱ्या काठीलाच कळतं! अडचण असते ती वरच्या गोष्टींची: उघडी खिडकी, लोंबणारी फांदी, ट्रकचा मागचा भाग. आयआयटी दिल्लीत तयार झालेली स्मार्टकेन गुडघ्याच्या वरचे अडथळे शोधते ती याचसाठी. एका तरी मुलाने एका तरी अंध माणसाला "काका, तुम्हाला कशाचा त्रास होतो?" असं विचारलं असतं, तर सेन्सर आपोआप वर सरकला असता. पण विचारणार कोण? बनवायला माणूस आहे ना.

आता एका मुलीचं सांगते. सातवीतली, तालुक्याच्या गावातली. त्यांच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून दोनदा, तेही रात्री दोन ते पाचमध्ये कधीही. तिची आई नळ उघडा ठेवायची, खाली स्टीलचं पातेलं पालथं घालायची आणि झोपायची. पाणी आलं की पातेल्यावर ताडताड वाजायचं, आई उठायची. "तुझ्या घरी काय अडतं?" असं वर्गात विचारलं तर ही म्हणाली "काहीच नाही." "आई रात्री काय काय करते?" असं विचारल्यावर पातेलं बाहेर आलं.

मुलाला आयडिया शोधायला मदत करायची तर "चल, आपण काय शोध लावूया?" हा प्रश्न कृपा करून विचारू नका. त्या प्रश्नाला मूल रोबोटच सांगणार, दुसरं काही सांगूच शकत नाही. त्याऐवजी त्याच्या हातात वही द्या आणि चार-पाच दिवस घरात, आजीकडे, दुकानात, शेतात फिरू द्या. वहीत तीन रकाने. कोण. काय करताना अडलं. आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा: सध्या त्यावर काय करतात. पालथं पातेलं या तिसऱ्या रकान्यातलं. जिथे माणसांनी आधीच काहीतरी लटपट करून ठेवलीय तिथे गरज खरी आहे, याचा वेगळा पुरावा लागत नाही.

घरात शोधायचं म्हणजे काय ते मुलाला नेमकं सांगा. चिंध्या शोध. सुतळी, रबरबँड, चिकटपट्टी शोध. शेगडीच्या पायाखाली घातलेली पुठ्ठ्याची घडी, टाकीच्या झाकणावरची वीट, खडखडणाऱ्या खिडकीत खुपसलेला पेपर, आजोबांच्या औषधांच्या पाकिटावर पेनाने केलेल्या खुणा. कुणाला दोनदा वाकावं लागलं? कुणी "अरे जरा हे धर" म्हणून हाक मारली? वीस-पंचवीस नोंदी सहज होतात.

त्यातून एक निवडायची. मी तीन गोष्टी बघते. मूल स्वतःच्या हाताने, तीनशे रुपयांच्या आत बनवू शकेल का? घरच्या घरी दहा-वीस वेळा चाचणी घेता येईल का? आणि सुधारणा आकड्यात सांगता येईल का: किती सेकंद वाचले, किती मिली सांडलं, दहापैकी किती वेळा चाललं? तिन्हीला हो आलं तर घ्या. २३० व्होल्टचं काही, गॅस, आग, ॲसिड, कुणाच्या अंगावर औषध, हे सगळं बाद. गॅसगळतीचा अलार्म मांडून त्याच्यापुढे लायटरचा गॅस सोडणारी शाळकरी मुलं पाहिली की पोटात गोळा येतो. आणि तो सेन्सर अगरबत्तीलाही वाजतो, ते वेगळंच.

पातेल्याकडे परत. मोठी माणसं मध्ये पडली की लगेच "ॲपवर नोटिफिकेशन पाठवू" सुरू होतं. तिच्या मामाने सुरू केलंच होतं. तिने आधी आईला नीट विचारलं आणि कळलं की पातेल्याच्या तीन तक्रारी आहेत. पाणी बारीक धारेने आलं तर आवाजच होत नाही. आवाज झाला तर शेजारच्या खोलीतली तान्ही चुलतबहीण उठते. आणि आई उठून येईपर्यंत पातेल्यावरून उडालेलं पाणी मोरीत जातं. प्रोजेक्ट इथे सुरू झाला. "पाणी आल्याचा अलार्म" ही आयडिया नव्हेच. बारीक धारेला वाजणारा, पाणी वाया न घालवणारा, फक्त आईला उठवणारा अलार्म, ही आयडिया.

पहिलं तिने इलेक्ट्रॉनिक केलं. सामान सांगते, कुणालाही करता येईल. बीसी ५४७ ट्रान्झिस्टर (तीन पायांचा, किंचित करंटने चालू होणारा स्विच समजा), १ किलोओहमचा रेझिस्टर, बझर, तीन पेन्सिल सेल, वायर. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एमिटर बॅटरीच्या ऋण टोकाला. बझरचं धन टोक बॅटरीच्या धन टोकाला, ऋण टोक कलेक्टरला. पाण्यात जाणाऱ्या दोन तारांपैकी एक बॅटरीच्या धन टोकाला, दुसरी रेझिस्टरमधून बेसला. तारांमध्ये पाणी आलं की बेसला किंचित करंट मिळतो आणि बझर ओरडतो. पाणी नसताना बॅटरी जवळजवळ खर्चच होत नाही, आणि लांब वायर लावून बझर थेट आईच्या उशाशी नेता येतो.

नाही वाजला तर? हमखास कारण म्हणजे दुकानदार बझर म्हणून चपटी पितळी पिझो चकती देतो. तिला डीसी, म्हणजे बॅटरीचा एकाच दिशेचा करंट, दिला की एकदा "टिक" होतं आणि संपलं. बॅटरी लावताच आपणहून वाजणारा बझर मागायचा आणि दुकानातच वाजवून घ्यायचा.

तिचा वाजला. पण थांबेना! पाणी गेलं तरी तारांमध्ये थेंब अडकून राहायचा. शिवाय धन बाजूची तांब्याची तार हिरवी पडायला लागली, कारण पाण्यातून डीसी गेला की ते टोक झिजतं. मग तिने तारांऐवजी स्टीलचे दोन स्क्रू घेतले, एका छोट्या प्लास्टिकच्या डबीच्या तळाजवळ, एकमेकांपासून एक सेंटिमीटरवर, आणि तळाला २ मिलिमीटरचं भोक पाडलं. धार आली की डबी भरते, गेली की आपोआप रिकामी होते. एवढ्या भोकातून मिनिटाला साधारण १०० मिली पाणी जातं, म्हणजे धार त्याहून बारीक असेल तर डबी भरतच नाही. हे गणित तिने पाण्याचा मग आणि घड्याळ घेऊन स्वतः काढलं. डबी बादलीवर टांगलेली, त्यामुळे सांडलेलं सगळं बादलीत.

अर्डुइनोवाल्यांनो, रागावू नका. अर्डुइनो वाईट नाही, शिकायला उत्तमच आहे. पण मुलाला कोडची एक ओळ बदलता येत नसेल तर ते त्याचं नाही. बस.

आणि मग हिने जे केलं त्याने मला अजूनही छान वाटतं. तिची आजी म्हणाली, "सेल संपले आणि कळलंच नाही तर?" म्हणून तिने बिनबॅटरीचं दुसरं मॉडेल केलं. दीड इंची पीव्हीसी पाइप, ४० सेंटिमीटर, एका टोकाला एंड कॅप. सायकलची स्पोक आडवी आरपार घालून लाकडी चौकटीत तिरका टांगलेला, उघडं तोंड वर, नळाखाली. पाणी भरत जातं, वजन पुढे सरकतं, पाइप कलंडून बादलीत रिकामा होतो आणि परत येताना बंद टोक पत्र्याच्या डब्यावर ठण्ण आपटतं. परत भरतो, परत ठण्ण. आई उठेपर्यंत.

पहिल्यांदा स्पोक बरोबर मध्यावर घातली आणि पाइप काठोकाठ भरूनही हलेना. का? दोन्ही बाजूंना पाणी सारखंच, शिवाय बंद टोकाला कॅपचं वजन जास्त. स्पोक बंद टोकाकडे, टोकापासून १६ सेंटिमीटरवर नेली तर रिकामाच पाइप पुढे पडायला लागला. मग बंद टोकाला एकेक नट चिकटवत गेली. नट कमी पडले तर कलंडलेला पाइप परत येत नाही, जास्त झाले तर भरूनही कलंडत नाही. एका-एका नटाने जमवलं. तराजूचा धडा पुस्तकात तिने वाचला होताच, पण स्पोक कुठे घालायची हे त्यात नव्हतं. दर वेळी साधारण ४०० मिली भरावं लागतं, म्हणजे मिनिटाला अर्धा लिटर धार असेल तर पहिला ठोका पाऊण मिनिटाने. हेही वहीत आहे. तान्ही मात्र या ठोक्याने उठतेच, म्हणून घरी बझर वापरात राहिला आणि पाइप सेल संपल्यावरचा आधार. तिने हे बोर्डावर तसंच लिहिलं, लपवलं नाही.

प्रदर्शनात एका परीक्षकांनी विचारलं, "यात टेक्नॉलॉजी कुठेय?" दुसरे म्हणाले, "हे जपानमध्ये आहे." हो, आहे! जपानी बागांमध्ये बांबूची अशी रचना असते, शिशी-ओदोशी, मुळात हरणं-रानडुकरं पळवायला. तत्त्व जुनं असायला काय हरकत आहे? मध्यरात्रीच्या नळासाठी ते वापरणं तिचं. पाटण्याच्या शालिनी कुमारीने शाळेत असताना आजोबांना वॉकर घेऊन जिना चढता येईना म्हणून पुढच्या पायांची उंची कमी-जास्त होणारा वॉकर सुचवला, राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने (नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन) तिला गौरवलं. वॉकरही जुनाच होता. तरी आधी शोधून बघायचंच, त्यात सूट नाही. गूगल पेटंट्सवर मुलासोबत बसा, यूट्यूबवर बघा, सापडलं तर वहीत लिहा: "हे असं आहे, माझं यात वेगळं काय."

शाळांनाही सोडणार नाही. गुरुवारी नोटीस, शनिवारी प्रदर्शन, मग बाप माणूसच शोधणार. त्या बाबांची दुकानातली बारा तासांची ड्यूटी असते, हेही मला माहीत आहे. मेसेज वाचून चिडले तेवढी आता चिडलेली नाही. पण इन्स्पायर मानकसाठी (शाळकरी मुलांच्या आयडियांसाठीची केंद्र सरकारची योजना) निवड झाली की मॉडेल बनवायला मुलाच्या खात्यात १०,००० रुपये येतात, आणि ते जसेच्या तसे "प्रोजेक्ट करून मिळेल"वाल्याला देणारे लोक आहेत. तिथे ड्यूटीचं कारण ऐकून घेणार नाही.

तर दादा, परवासाठी. आज रात्री मुलाला घेऊन घरातल्या चिंध्या-सुतळ्या शोधा, एक निवडा. उद्या तीच अडचण दहा वेळा मोजा आणि पुठ्ठा, पाइप, जे असेल त्यातून त्याच्या हाताने एक कच्चं मॉडेल होऊ द्या. ते वाकडं होईल. तुम्ही फक्त ब्लेड आणि ड्रिल चालवा, बाकी हात मागे. बोर्डावर तीनच गोष्टी: कुणाची अडचण, दहापैकी किती वेळा चाललं, कुठे फसलं आणि का. तारखा घातलेली वही टेबलावर उघडी ठेवा, खाडाखोडीसकट. फेअर करत बसू नका.

सर्किट असेल तर ब्रेडबोर्डवर (वायरी नुसत्या भोकात खोचायची पट्टी) नेऊ नका, रिक्षाच्या धक्क्यांनी वायरी निघतात. सोल्डर करा, नाही जमलं तर स्क्रूवाले कनेक्टर लावा. जादा सेल, जादा बझर, चिकटपट्टी, छोटा स्क्रूड्रायव्हर पिशवीत. पाण्याचं मॉडेल असेल तर बादली, मग आणि पुसायला फडकं घरून न्या. टेबलावर पाणी सांडलं की शाळेतले शिपाईकाका चिडतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.